कुत्र्याच्या खाण्यात तार निघाली. मेटल डिटेक्टर चालू होता, तरी निसटली कशी?

केतकी_घणसोली · सोमवार, रात्री १०:५०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही मदत हवी म्हणून.

रबाळे एमआयडीसीत कुत्र्यामांजरांचं कोरडं खाणं बनवणारं एक छोटं युनिट आहे, तिथे मी क्वालिटी बघते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. गेल्या गुरुवारी नेरुळहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या लॅब्रेडॉरसाठी त्यांनी आमची १० किलोची पिशवी घेतली होती. सकाळी स्टीलच्या वाडग्यात दाणे ओतताना 'टिण्ण' असा आवाज आला. दाण्याचा आवाज तसा येत नाही, म्हणून त्यांनी कुत्र्याला मागे ओढलं आणि हाताने दाणे बाजूला केले, तर तार. ते ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. "आज मी होतो म्हणून ऐकू आलं, रोज आमच्या कामवाल्या मावशी घालतात," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मला झोप नाही.

संध्याकाळी स्वतः जाऊन ती तार आणली. लांबी ११ मिमी, जाडी व्हर्नियरवर ०.७ मिमी. एक टोक सरळ तुटलेलं, दुसरं किंचित वळलेलं. रंग चकचकीत, गंजाचा मागमूस नाही.

आमची लाइन अशी: कच्च्या मालावर मॅग्नेट, मग हॅमर मिल, मिक्सर, वाफेचा प्रीकंडिशनर, एक्सट्रुडर, डायवरचा कटर, ड्रायर, चरबी आणि चव लावायचा कोटिंग ड्रम, कूलर, भुगा काढायची व्हायब्रो चाळणी, पॅकिंग. सगळ्यात शेवटी बेल्टवरचा मेटल डिटेक्टर. त्यातून भरलेली, शिवलेली पिशवी आडवी जाते. दर तासाला टेस्ट पीस टाकतो, म्हणजे आत ठरलेल्या मापाची धातूची गोळी असलेली कार्डं: लोखंड २.५, अलोह (लोखंड नसलेला, पितळेसारखा धातू) ३ आणि स्टेनलेस ३.५ मिमी. त्या बॅचच्या दिवशीचं रजिस्टर मी तीनदा वाचलं. प्रत्येक तासाला तिन्ही पीस पकडल्याची नोंद आहे, सही आहे.

मग ही ११ मिमीची तार गेली कशी? साडेतीन मिमीचा गोळा दिसतो आणि त्याच्या तिप्पट लांब तार दिसत नाही?

मोतीचीआई · सोमवार, रात्री ११:१५

केतकी, वाचूनच पोटात गोळा आला. आम्ही सीवूड्सला, घरी साडेतीन वर्षांचा इंडी (देशी कुत्रा) आहे. खाणं बनवताना इतक्या पायऱ्या असतात हे माहीतच नव्हतं. इतकी तार पोटात गेली असती तर काय झालं असतं? कोणी डॉक्टर आहेत का इथे?

जुनामेंटेनन्स · सोमवार, रात्री ११:४०

तार चकचकीत आहे म्हणताय. आधी कुठून आली ते शोधा, कशी निसटली ते नंतर. चाळणीची जाळी उतरवून बघितली का? नुसती वरून टॉर्च मारून नाही, रिंग सोडवून, उजेडासमोर धरून. जाळी मधे क्वचित तुटते. ती तुटते कडेला, जिथे रिंगने आवळलेली असते. तिथेच सतत थरथर बसते.

केतकी_घणसोली · मंगळवार, सकाळी ७:०५

काका, चाळणी रोज वरून बघतो. रिंग सोडवून महिन्यातून एकदा. आज सोडवते.

आणखी एक. त्या तारेजवळ मॅग्नेट नेला तर ती थोडी ओढली जाते. म्हणजे ती लोखंडी, स्टेनलेस नाही, बरोबर? तसं असेल तर चाळणीची नसणार, आमची जाळी ३०४ जातीच्या स्टेनलेसची आहे.

कॉइलवाला · मंगळवार, सकाळी ९:२०

नमस्कार. मी गेली अठरा वर्षं डिटेक्टरची सर्व्हिस करतो. तुर्भे, पावणे, महापे, तळोजा हा माझा रोजचा रस्ता. मसाले, बिस्किटं, औषधं, पशुखाद्य सगळीकडे हाच प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मॅग्नेटचं. ३०४ स्टेनलेस मूळचं चुंबकाला दाद देत नाही, पण त्याची थंड अवस्थेत ओढून तार काढली की त्याची आतली रचना काही प्रमाणात बदलते आणि ते हलकंसं ओढलं जायला लागतं. वाकवलेल्या, ठोकलेल्या, घासलेल्या स्टेनलेसचंही तसंच. टेबलावर ठेवून कळणार नाही. तार शिवणाच्या दोऱ्याला बांधून अधांतरी लटकवा आणि मॅग्नेट बाजूने हळूहळू जवळ न्या. लोखंडी असेल तर लांबूनच झेप घेईल. स्टेनलेस असेल तर अगदी जवळ गेल्यावर जेमतेम कलेल.

आता डिटेक्टर. त्या चौकटीत तारेची तीन वेटोळी असतात. मधलं वेटोळं क्षेत्र सोडतं, दोन्ही बाजूंची दोन ते क्षेत्र ऐकतात. दोघांकडे येणारा सिग्नल सारखा आणि उलटा, त्यामुळे बेरीज शून्य. धातू आत शिरला की आधी एका बाजूचं गणित बिघडतं, मग दुसऱ्या बाजूचं. मशीन तो बिघाड मोजतं. लोखंड चुंबकीय असल्याने चटकन दिसतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वीज चांगली वाहून नेतात म्हणून दिसतात. स्टेनलेस दोन्हीकडे कमी पडतं, म्हणूनच तुमचा स्टेनलेसचा टेस्ट पीस सगळ्यात मोठा आहे.

पण टेस्ट पीसमध्ये गोळी असते. ती कशीही फिरवा, सारखीच दिसते. तारेचं तसं नाही. तारेची जाडी ही मशीनला दिसणाऱ्या सर्वांत लहान गोळीच्या व्यासापेक्षा कमी असली की ती कुठल्या दिशेने पडली आहे यावर सगळं ठरतं. तुमची जाडी ०.७, गोळी ३.५. लोखंडी तार बेल्टच्या चालीच्या दिशेत झोपलेली असली तर छान दिसते, आडवी किंवा उभी असली तर दिसत नाही. स्टेनलेस आणि अलोह तारेचं बरोबर उलटं: आडवी-उभी दिसते, चालीच्या दिशेत झोपली की लपते.

आता मला तीन गोष्टी सांगा. चौकट किती मोठी? टेस्ट पीस पिशवीच्या कुठल्या भागात ठेवता? आणि पिशवी रिजेक्ट झाल्यावर पुढे तिचं काय होतं?

डॉ_वैशाली_पशुवैद्य · मंगळवार, दुपारी २:१०

मोतीचीआई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

बोथट, छोटा तुकडा बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातो. टोकदार तार, सुई, स्टेपलची पिन यांची भीती वेगळी. त्या घशात, जठरात किंवा आतड्यात रुततात, भोकही पाडू शकतात. दुसरं दुखणं दातांचं. कुत्रा मागच्या मोठ्या दाढांनी दाणा फोडतो, त्यात कडक तुकडा आला तर वरच्या दाढेचा टवकाच उडतो, आणि ते दुखणं कुत्रा महिनोन्महिने दाखवत नाही.

धातू गिळल्याचा संशय आला तर घरी मीठपाणी वगैरे देऊन उलटी करवू नका. टोकदार वस्तू वर येताना दुसऱ्यांदा इजा करते. लाळ गळणं, सारखी उलटी, पाठ कमानीसारखी उचलणं, जेवणावरून तोंड फिरवणं, काळी शौच यातलं काही दिसलं तर थेट एक्सरे. धातू एक्सरेत स्पष्ट दिसतो, वेळ वाया जात नाही.

जस्ताचा मुलामा दिलेले नट-वायसर हा आणखी एक धोका. ते टोचत नाहीत, पण जठरातल्या आम्लात जस्त विरघळतं आणि रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. केतकी, तुमच्या लाइनवर गॅल्व्हनाइज्ड वायसर कुठे असतील तर त्यांच्याकडेही बघाच.

गाईगुरांमध्ये हा प्रकार फार जुना. गाय जिभेने चारा ओढते, निवडून खात नाही. वैरणीतली तार दुसऱ्या पोटात, त्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. तो कप्पा आकुंचन पावतो तशी तार पुढे सरकते, आणि पुढे लगेच हृदय आहे. त्यासाठी गाईला मोठं गुळगुळीत चुंबक गिळवतात, ते त्याच कप्प्यात पडून राहतं आणि लोखंड धरून ठेवतं. कुत्र्याच्या पोटाची रचना तशी नाही, तिथे ही सोय नाही. त्याच्यासाठी जे काही करायचं ते कारखान्यातच.

सह्याद्रीप्रेमी · मंगळवार, दुपारी ३:००

वाचतोय. फार उपयुक्त धागा. एक शंका: शिसं, पारा वगैरे जड धातू पेट फूडमध्ये असतात असं ऐकतो, तेही हाच डिटेक्टर पकडतो का?

कॉइलवाला · मंगळवार, दुपारी ३:२५

नाही. डिटेक्टर तुकडा बघतो. विरघळलेलं, पिठात मिसळलेलं शिसं त्याला दिसत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. २००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइन मिसळलेल्या ग्लुटेनमुळे कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, ते तर धातूही नव्हतं. कुठलाही डिटेक्टर किंवा एक्सरे ते पकडू शकला नसता. हे दोन विषय वेगळे ठेवूया, नाहीतर केतकीताईंचा प्रश्न बाजूला राहील.

केतकी_घणसोली · मंगळवार, रात्री ९:३०

आज बारा तास प्लांटवर होते. क्रमाने लिहिते.

कॉइलवाला दादा, लॅबमध्ये दोऱ्याला तार लटकवली. पंखा बंद केला, दार लावलं. मॅग्नेट बाजूने सरकवत नेला. चार बोटांवर काही नाही. दोन बोटांवर काही नाही. अगदी टेकायला आला तेव्हा तारेचं एक टोक सावकाश त्याच्याकडे वळलं. शेजारी स्टेपलची पिन लटकवून तसंच केलं, तर ती लांबूनच टचकन चिकटली. म्हणजे स्टेनलेस.

जुनामेंटेनन्स काका, तुमचं शंभर टक्के खरं निघालं. रिंग सोडवली आणि जाळी खिडकीसमोर धरली. डिस्चार्जच्या तोंडाजवळ, रिंगच्या अगदी खाली जाळी फाटली आहे. वरून बघताना रबराच्या पट्टीखाली ते झाकलं जातं, त्यामुळे रोज बघूनही दिसलं नसतं. जाळीतली तार मोजली: ०.७. आडव्या-उभ्या मिळून नऊ तुकडे गायब आहेत. एक माझ्याकडे आहे. आठ कुठे आहेत ते मला माहीत नाही.

हे आठ डोक्यातून जात नाहीत.

साहेबांना लगेच सांगितलं. नवी जाळी लागेपर्यंत लाइन बंद केली आणि गोदामातला त्या आठवड्याचा सगळा माल होल्डवर टाकला. २१२ पिशव्या आहेत. त्याच आठवड्यातली आणखी एक बॅच आधीच बाहेर गेली आहे, दुकानांना फोन सुरू आहेत.

दादांच्या तीन प्रश्नांपैकी पहिला: चौकट ५०० बाय २५० मिमी. बाकी दोनांसाठी उद्या रात्रपाळीला थांबते. रजिस्टरवर विसंबून उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय.

जुनामेंटेनन्स · मंगळवार, रात्री १०:१५

नऊ मोजलेत हे फार चांगलं केलंत. तुटलेल्या वस्तूचे तुकडे जुळवून मोजणं बऱ्याच ठिकाणी होतच नाही. जाळी, कटरची पाती, बेल्टचा फास्टनर, हॅमर मिलची चाळण, काहीही तुटलं की पांढऱ्या कागदावर मांडायचं आणि किती कमी आहे ते लिहायचं. वेल्डिंगनंतरचे कण आणि वायर ब्रशचे केसही त्यातच. माझ्या जुन्या प्लांटमध्ये वायर ब्रश गेटच्या आत आणायला बंदी होती.

कच्च्या मालाच्या मॅग्नेटचंही विचारतो. मांसाची पूड, मासळीची पूड यातून खिळे, हूक, पातीचे तुकडे येतात. तो मॅग्नेट दर पाळीला पुसता का? लोखंडाचा भुगा साचून दाढी आली की नवा तुकडा धरला जात नाही, प्रवाहाबरोबर वाहून जातो. पुसलेलं फेकू नका. पुडीत घाला, तारीख टाका, वजन करा. एखाद्या दिवशी वजन अचानक वाढलं तर मागे काहीतरी झिजतंय. आणि निओडिमियमचा साधा मॅग्नेट ८० अंशांपुढे ताकद गमावतो, तेव्हा कोणी तो ड्रायरच्या तोंडाशी बसवायचा सल्ला दिला तर ऐकू नका.

न्हावाशेवा_एक्स्पोर्ट · बुधवार, सकाळी १०:४०

आम्ही पेट ट्रीट्स अमेरिकेला पाठवतो. तिथे २०१५ पासून जनावरांच्या खाण्यासाठीही प्रतिबंधक नियंत्रणांचा स्वतंत्र नियम आहे. धोका ओळखा, नियंत्रण लिहा, ते चालतं हे सिद्ध करा. ७ ते २५ मिमीच्या कडक-टोकदार वस्तूंबद्दलचं एफडीएचं (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाचं) जे मार्गदर्शन आहे ते माणसांच्या खाण्यासाठी आहे, तरी आमचे ग्राहक ट्रीट्सनाही तोच निकष लावतात. तुमची ११ मिमीची तार त्यात थेट बसते.

माझा वेगळा प्रश्न: आम्ही ग्रेव्हीचे ओले पाऊच सुरू करतोय. पाऊचला ॲल्युमिनियम फॉइलचा थर आहे. डिटेक्टर चालेल?

कॉइलवाला · बुधवार, दुपारी १२:०५

फॉइलचा पाऊच सील झाल्यावर साध्या डिटेक्टरखाली घालून उपयोग नाही. ॲल्युमिनियमचाच एवढा मोठा सिग्नल येतो की आतली तार त्यात बुडते. दोन वाटा आहेत. भरण्याआधी, ग्रेव्ही पाइपमधून जात असताना तपासायचं, किंवा सील झाल्यावर एक्सरे. पाइपमध्येही ओल्या, खारट मालाचा स्वतःचा सिग्नल असतो, कारण खारं पाणी वीज वाहतं. तो तापमानाबरोबर बदलतो, म्हणून गरम मालावर शिकवलेलं सेटिंग थंड मालावर वापरायचं नाही. कोरड्या दाण्यात हा त्रास फार कमी. पण केतकीताई, तुमच्या प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वं-खनिजांच्या मिश्रणात) लोह जास्त असेल तर कोरडा दाणाही थोडा 'बोलतो', आणि कूलरमधून गरमच बाहेर पडला तर आणखी.

एक्सरे घनता बघतो. त्यामुळे फॉइल आड येत नाही, तार कशीही पडली तरी फार फरक पडत नाही, काच आणि दगडही दिसतात. पण ॲल्युमिनियमचा सुटा तुकडा हलका, तो त्याला नीट दिसत नाही. पैसे जास्त लागतात. शिवाय ते विकिरणाचं यंत्र आहे, अणुऊर्जा नियामक मंडळाची प्रक्रिया पूर्ण केल्याशिवाय चालवता येत नाही. मंडळाचं ऑफिस आपल्याच खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला आहे.

केतकी_घणसोली · गुरुवार, पहाटे ५:२०

आत्ताच घरी आले. झोपण्याआधी लिहून टाकते, नाहीतर काही सुटेल. नवी जाळी काल संध्याकाळी बसली, रात्री लाइन सुरू झाली. माल सगळा होल्डमध्येच जातोय.

रात्री अकरापासून मी डिटेक्टरशेजारी स्टूल टाकून बसले. ऑपरेटर दादा दहा वर्षं जुने, अतिशय प्रामाणिक माणूस. त्यांना आधीच सांगितलं की मी चूक शोधायला आले आहे, माणूस शोधायला नाही. रोज करता तसंच करा.

बारा वाजता टेस्ट झाली. त्यांनी टेस्टचं कार्ड रिकाम्या बेल्टवर, एका कडेला ठेवलं. पिशवी नाही. कार्ड आत गेलं, बझर वाजला, तिन्ही पीसची नोंद झाली, सही झाली. मग मी तेच स्टेनलेसचं कार्ड एका चांगल्या पिशवीत, दाण्यांच्या मधोमध खुपसलं आणि पाठवलं. पहिल्यांदा पकडलं. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा पकडलं. पाच वेळा पाठवलं, दोनदा निसटलं.

ती अकरा मिमीची तार एका पारदर्शक पाकिटात घालून पिशवीच्या पोटात ठेवली. आडवी ठेवली तेव्हा पिशवी रिजेक्ट झाली. चालीच्या दिशेत ठेवली तेव्हा शांतपणे पलीकडे गेली. हे दादांनी लिहिलंच होतं, तरी डोळ्यासमोर पिशवी तशी जाताना बघून अंगावर काटा आला.

पण खरं उत्तर त्यांच्या तिसऱ्या प्रश्नात होतं. साधारण तीनला एक पिशवी रिजेक्ट झाली. ऑपरेटर दादांनी ती उचलली आणि पुन्हा बेल्टच्या सुरुवातीला ठेवली. पास. बाकीच्यांबरोबर पॅलेटवर गेली. मी विचारलं, "दादा, उघडून नाही बघायची?" ते म्हणाले, "ताई, पाळीला पंधरा-वीस अशाच पडतात. आधी उघडायचो. काहीच निघायचं नाही. मग सरांनीच सांगितलं, परत फिरवा, पास झाली तर ओके."

नेरुळच्या पिशवीचा नंबर माझ्याकडे होता. मशीनच्या मेमरीत रिजेक्टची वेळ राहते, ती पॅकिंगच्या वेळेशी लावून बघितली. ती पिशवी रिजेक्ट झाली होती. मशीनने तार पकडली होती. आम्ही तिला परत फिरवलं, हलवताना आत तार वळली, आणि दुसऱ्या फेरीत ती झोपून निघून गेली.

मोतीचीआई · गुरुवार, सकाळी ८:००

केतकी, आधी झोप. डोळ्यात पाणी आलं. असं शोधणारं कोणी असतं हे आम्हा घेणाऱ्यांना कधी कळतच नाही.

कॉइलवाला · गुरुवार, सकाळी ९:१०

केतकीताई, बहुतेक माणसं तारेची दिशा कळली की थांबतात. तुम्ही रिजेक्टपर्यंत गेलात.

आता यातलं मूळ. रिजेक्ट झालेली पिशवी पुढच्या फेरीत पास झाली म्हणून ती स्वच्छ ठरत नाही. फेरतपासणी करायचीच असेल तर पिशवी वेगवेगळ्या दिशांनी फिरवून पुन्हा पुन्हा पाठवायची, आणि त्यात एकदा जरी बझर वाजला तरी ती दूषित धरून उघडायची. उघडताना सगळा माल एकदम पसरू नका. निम्मा-निम्मा करून पाठवत जा, ज्या निम्म्यात बझर वाजेल त्याचे पुन्हा दोन भाग. रिजेक्टची पेटी कुलूपबंद, किल्ली क्वालिटीकडे. हवेच्या झोताने किंवा ढकल्याने पिशवी पाडत असाल तर हवेचा दाब कमी झाल्यावर लाइन आपोआप थांबली पाहिजे, आणि पिशवी पेटीत पडल्याची खात्री करणारा सेन्सर हवा.

टेस्ट कार्ड रिकाम्या बेल्टवर कडेला नको. चौकटीच्या भिंतीजवळ वेटोळी जवळ, तिथे मशीन सगळ्यात तीक्ष्ण असतं. मधोमध सगळ्यात मंद. म्हणून पीस पिशवीच्या आत, चौकटीच्या मध्याजवळून जाईल असा: एकदा पुढच्या टोकाला, एकदा मधे, एकदा मागच्या टोकाला. टेस्ट फेल झाली तर मागच्या पास टेस्टपासूनचा सगळा माल होल्ड. तुमच्या मशीनला या पिशवीतून ३.५ चं स्टेनलेस खात्रीने दिसत नाही, म्हणजे रजिस्टरमधला आकडा मुळातच खोटा होता. कोणी खोटं लिहिलं नव्हतं, तरीही.

आणि ते पाळीला पंधरा-वीस खोटे रिजेक्ट. माझी शंका तिथे जास्त आहे. त्यांच्यामुळेच माणसांचा बझरवरचा विश्वास उडाला.

जुनामेंटेनन्स · गुरुवार, सकाळी ९:४५

खोट्या रिजेक्टचं मी सांगतो, हे माझं क्षेत्र. चौकटीच्या दोन्ही बाजूंना धातूविना जागा सोडावी लागते. स्थिर धातू चौकटीच्या उंचीच्या दीडपट लांब, हलता धातू दुप्पट. तुमची २५० म्हणजे हलतं काहीही अर्धा मीटर लांब हवं. ट्रॉली, पॅलेट ट्रक कोणी जवळ लावतं का बघा. मोटरचा व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि डिटेक्टर एकाच लाइनवर आहेत का, केबल शेजारून जाते का.

पण माझा पहिला संशय कन्व्हेयरच्या सांगाड्यावर. सैल बोल्ट किंवा झिजलेला रोलर असला की धातूला धातू टेकतो, सुटतो, टेकतो. त्यातून बंद वेटोळं तयार होतं आणि तुटतं. मशीनला ते धातू गेल्यासारखंच वाटतं. लाइन रिकामी चालवा आणि हाताने सांगाडा हलवा. बझर वाजला तर तेच.

डॉ_वैशाली_पशुवैद्य · गुरुवार, दुपारी १:३०

केतकी, एक विनंती. नेरुळच्या त्या गृहस्थांना पुन्हा फोन करा. त्यांच्या कुत्र्याने त्याच पिशवीतलं आधी काही दिवस खाल्लं असेल. आठ तुकडे बाकी आहेत, एका पिशवीत दोन असू शकतात. एक एक्सरे करून घेतला तर त्यांचीही काळजी मिटेल, तुमचीही.

केतकी_घणसोली · गुरुवार, दुपारी ३:०५

डॉक्टर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लगेच केला. आज संध्याकाळी नेतायत. खर्च कंपनी देणार, साहेबांनी एका शब्दात हो म्हटलं.

केतकी_घणसोली · शनिवार, रात्री ११:१०

दोन दिवसांचं एकत्र लिहिते.

नेरुळच्या लॅब्रेडॉरचा एक्सरे स्वच्छ आला. फोनवर त्यांनी सांगितलं तेव्हा मी प्लांटच्या जिन्यातच खाली बसले.

काका, सांगाडा हलवला आणि बझर वाजला. आउटफीड बाजूच्या रोलरचा बोल्ट इतका सैल होता की बोटाने फिरत होता. तो आवळला, एका बाजूला नायलॉनचं बुश घालून रोलर धातूपासून वेगळा केला. कालच्या पूर्ण पाळीत दोन रिजेक्ट. फक्त दोन. दोन्ही उघडल्या. एकीत काही निघालं नाही. दुसरीत स्टेपलची पिन होती, प्रीमिक्सच्या पिशवीच्या लेबलची. ती पिन ऑपरेटर दादांनी स्वतः शोधली आणि तळहातावर घेऊन माझ्या टेबलापर्यंत चालत आले. म्हणाले, "ताई, खरं असतं की मशीन."

होल्डवरच्या २१२ पिशव्यांसाठी डिटेक्टर बनवणाऱ्यांकडून पाइपवरचा लहान तोंडाचा डिटेक्टर भाड्याने आणलाय. तोंड लहान म्हणून नजर तीक्ष्ण, दाणे उधळत पडतात म्हणून तारही फिरत येते. सगळ्या पिशव्या उसवून त्यातून खाली सोडतोय. जिथे वाजतं तिथला माल पांढऱ्या ताडपत्रीवर, ट्यूबलाइटखाली, चौघं गुडघ्यावर बसून. दीडशे पिशव्या झाल्या. पाच तारा मिळाल्या. सगळ्या कागदावर सेलोटेपने चिकटवून जाळीच्या भोकाशेजारी मांडल्या आहेत, लांब्या जुळतायत. पॅकिंगच्या आधी कायमचा असाच डिटेक्टर बसवायचं कोटेशन सोमवारी येईल. जाळीची रिंग आता दर आठवड्याला उतरणार, आणि टेस्ट कार्ड पिशवीच्या आत.

नऊपैकी सहा हाती आहेत. तीन बाकी. होल्डमधल्या ६२ पिशव्या उसवायच्या आहेत, आणि बाहेर गेलेल्या बॅचमधल्या कोपरखैरणे, खारघरच्या पिशव्या परत आल्या आहेत. पनवेलच्या एका दुकानातून दोन विकल्या गेल्यात. एक गिऱ्हाईक सापडलं, दुसऱ्यांनी रोख पैसे दिले होते, नंबर नाही. दुकानदाराने काउंटरवर बॅच नंबरचा कागद लावलाय, आणि उद्या रविवारी मी स्वतः तिथे बसणार आहे. त्यांचा कुत्रा बीगल आहे आणि ते सकाळी फिरवून येताना दुकानात येतात, एवढं दुकानदाराला आठवतंय.

मोतीचीआई · शनिवार, रात्री ११:३०

पनवेलला माझी नणंद राहते. तिच्या सोसायटीच्या आणि आसपासच्या पेट ग्रुप्सवर टाकायला सांगते. बॅच नंबर आणि पिशवीचा फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठव, आत्ता.

केतकी_घणसोली · शनिवार, रात्री ११:३४

पाठवला.